नावेवरचं एक अक्षर

काम आलं ते असं:
सदतीस सालची इमारत, सात मजले, तोंड नदीकडे.
नदी इतकी रुंद की आम्ही मोन्तेविदेओवाले तिला समुद्र म्हणतो
आणि कोणी चूक काढली तर रागावतो.
गोल खिडक्या. जहाजाच्या कठड्यासारखे सज्जे.
बांधणाऱ्याला घरं नव्हती बांधायची, नाव बांधायची होती.
नाव झाली, पाणी समोर आहे,
मध्ये फक्त बसचा थांबा.

सोसायटीला हवी आता नवी ओळख.
ओळख म्हणजे, खजिनदार वाल्देमार बेन्तांकूर म्हणाले,
एक चिन्ह, एक रंग, एकच अक्षरवळण,
लिफ्टपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत.
आणि चिन्हात समुद्रपक्षी हवाच, कारण इमारतीचं नाव गाविओता,
आणि गाविओता म्हणजे समुद्रपक्षी,
हे त्यांनी मला, याच किनाऱ्यावर वाढलेल्या मला,
दोनदा समजावून सांगितलं.

मी आधी भिंत खरवडते. सवय आहे.
पात्याखाली आला बदामी, मग चॉकलेटी,
मग एक हिरवा, ज्याची जबाबदारी कोणी घेईना,
आणि तळाशी राखी गिलावा, अभ्रकाचा चुरा मिसळलेला.
दुपारी तीनला ऊन तिरपं झालं
तशी नखाएवढी ती जागा लुकलुकली.
रंगाच्या रकान्यात मी लिहिलं: लावू नये. काढावा.

दारावर पितळी अक्षरं. खिळ्यांच्या जागा सात जणींच्या,
अक्षरं सहा.
तिसरं गेलेलं. मागे उरली फिकट छाप,
दोन तिरप्या रेघा, खाली टेकलेल्या,
सगळ्या भिंतीत तेवढीच जागा ऊन-पावसापासून वाचलेली.
दारवान विल्मार, काखेत थर्मास,
सहा अक्षरांना पॉलिश लावतो
आणि सातव्या जागेवरून कोरडं फडकं फिरवतो.
का, विचारलं तर म्हणाला, धूळ बसते.

सभा भरली तळमजल्यावर.
नाव ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं,
नावं ठेवायला सगळे आले.
पक्षी कुठाय? राखाडी म्हणजे काय रंग झाला?
आमच्या मुलाने मोबाइलवर याहून बरं केलं असतं.
तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या नेलिदा इच्छाउस्पे
खुर्चीतून उठल्या, चहाचं पाणी ठेवलंय म्हणाल्या,
आणि मला डोळ्यांनी वर बोलावलं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
झडपेखाली आडवं टेकवलेलं होतं ते.
ब्याण्णवच्या वादळात पडलं, म्हणाल्या,
आमच्या ह्यांच्या खांद्याला चाटून गेलं.
मी उचलून आणलं. कोणी विचारेल म्हणून ठेवलं.
कोणी विचारलंच नाही.
मग खिडकी आपटायची, तिथे लावलं.

कागदावर ठेवून मी त्याची कड पेन्सिलीने काढली.
कांद्याचा वास, एका टोकाला तूप की तेल,
आणि जाडी: वर भरघोस, खाली निमुळती,
हाताने कापलेली. कुठल्याही संगणकात
हे वळण नाही.
त्या दोन रेघांतून मी बाकीचं वर्णमालेचं घर उभं केलं,
क आणि झ, जे इमारतीने कधी वापरले नाहीत, तेही.
नेलिदाबाईंनी चष्मा पुसला, कागद लांब धरला.
म्हणाल्या, बेन्तांकूरला सांग, पक्षी हाच.
पंख वर करून बसलाय कधीचा.

अक्षर परत मागायचं मला धाडस झालं नाही.
वारा सुटला होता. त्यांनीच ते झडपेखाली सरकवलं.

पुढच्या सभेत ठरायचं आहे,
नवीन पितळ ओतायचं, की छाप तशीच ठेवायची.
दोन्ही बाजूंना वकील आहेत.
विल्मार मात्र जाता जाता एवढंच बोलला:
पत्रपेट्यांवरचे आकडे मोठे कर,
माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत.
आकडे मोठे केले.
तेवढं एकमताने मंजूर झालं.